डाव्या अंगठ्याच्या नखुल्या

"मासी, नख बटकी जाय छे के वळी जाय छे?"

काउंटरमागच्या मुलीनं एवढंच विचारलं आणि कमलाताई अडल्या. तुटतं की वाकतं? 'कळ थांबून थांबून येते की सलग?' असं बायकांना विचारण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती, पण स्वतःच्या नखाची अशी चौकशी करायचं त्यांना कधी सुचलं नव्हतं. त्यांनी डावा हात काचेवर ठेवला. अंगठ्याच्या नखाचे टोकाशी पापुद्रे सुटले होते आणि मधोमध एक बारीक चीर टोकापासून आत निघाली होती.

"बटके पण छे, ने वळे पण छे," त्या म्हणाल्या.

मुलगी हसली. तिच्या स्वतःच्या दहा नखांना दहा रंग होते आणि उत्तरायण जवळ आल्यामुळे करंगळीवर एक एवढासा पतंगही रंगवलेला होता. तिनं दोन बाटल्या काढून पुढे ठेवल्या.

"वळतुं होय तो आ. त्रण हाथ मारी दो, पथ्थर जेवुं थई जशे. पण बटकतुं होय तो आ नहीं लगाडवानुं हं, मासी. वधारे फाटे. एने तेल जोईए. रोज घसवानुं."

म्हणजे वाकणाऱ्या नखाला लेप आणि तुटणाऱ्याला तेल; तुटणाऱ्याला लेप लावला तर ते आणखीच फाटणार. हिशेब सरळ होता.

"तेलथी केटला वखतमां सारुं थाय?"

"नवुं नख आवे त्यारे. पांच-छ महिना तो खरा ज."

"लगन तो आवता महिने छे."

"कोनुं? दीकरीनुं?"

"भत्रीजीनुं."

"अरे वा! तो फोईए तो चमकवुं ज पडे ने!"

आत्यानं तर चमकायलाच हवं! बडोद्याच्या मंगळबाजारातल्या त्या गर्दीत दोन-चार बायकांनी वळून या पांढऱ्या केसांच्या, सुती साडीतल्या आत्याकडे पाहिलं. कमलाताईंना कानकोंडं झालं. आपल्याला चमकायचं नाही, नखुल्या करायच्या आहेत, हे त्या पोरीला गुजरातीत कसं सांगणार? त्यांनी तेलाच्या बाटलीकडे एकदा पाहिलं आणि लेपाची बाटली उचलली. तुटतंही आणि वाकतंही, तर मग वाकतं असंच धरून चालू, असा सोयीचा निवाडा त्यांनी स्वतःपुरता करून टाकला. घाई असली की माणूस आपल्या दुखण्याचं नावही आपल्या सोयीचं ठेवतो.

नखुली ही चीज आता सांगितल्याशिवाय कळायची नाही. बारीक रवा दुधात घट्ट भिजवायचा. त्याचा मोहरीहून जरासा मोठा कण डाव्या अंगठ्याच्या नखावर ठेवायचा आणि उजव्या अंगठ्यानं हलकेच दाबून पुढं सरकवायचा. नखाचा बाक घेऊन एक इवलीशी शिंपली सुटते आणि ताटात पडते. अशा ताटंच्या ताटं करायच्या, सावलीत वाळवायच्या, त्यांतल्या वाटीभर रुखवतात गव्हल्यांशेजारी मांडायच्या आणि बाकीच्यांची लग्नात खीर करायची. जेवणाऱ्याच्या दातांना त्यांचा पत्ताही लागत नाही. पण त्या नसल्या की बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांतल्या बायका एकमेकींकडे बघायच्या आणि त्या बघण्याची आठवण नवरी आजी होईपर्यंत काढली जायची.

दिघ्यांच्या घरातली नखुली म्हणजे कमलाताईंच्या डाव्या अंगठ्याची. त्याआधी ती त्यांच्या आईच्या अंगठ्याची होती. मायलेकींचं नख हुबेहूब होतं, रुंद, उथळ आणि कडांना किंचित वळलेलं. "हिच्या नखाची सर कुणाला यायची नाही," असं आई चारचौघींत म्हणायची आणि ते अगदी शब्दशः खरं असल्यामुळे सगळ्या हसायच्या. मुहूर्ताच्या पहिल्या पाच-पाच नखुल्या सवाष्णी करत, उखाणे घेत, एकमेकींना कोपरखळ्या मारत, वाकड्यातिकड्या. मग ताट कमलाकडे सरकायचं.

कमलाचं लग्न झालं नाही. त्याची काही मोठी गोष्ट नाही. वडिलांचं आजारपण, धाकट्या लक्ष्मीकांतचं शिक्षण, मग रावपुऱ्यातल्या प्रसूतिगृहातली नोकरी, आणि एक दिवस विचारणारेच थांबले. वाईट वाटलं नाही असं नाही, चांगलंच वाईट वाटलं. ज्या ताटाचा मुहूर्त आपण करायचा नाही ते ताट भरायचं मात्र आपणच, हे सुरुवातीला त्यांना टोचायचं. पुढं पुढं त्यांनी त्याचाच अभिमान धरला. नर्सची नखं मांसालगत कापलेली हवीत, हा नियम त्या शिकाऊ मुलींना दरडावून पाळायला लावत, पण लग्नसराई जवळ आली की स्वतःच्या डाव्या अंगठ्याला गहूभर सवलत देत. तिथल्या मृदुला डॉक्टर ते बघून न बघितल्यासारखं करायच्या, कारण त्यांच्याही मुलीच्या लग्नातल्या नखुल्या कमलासिस्टरनीच केलेल्या होत्या.

साबण, जंतुनाशक आणि गरम पाणी यांत हात बुडवून बुडवून नखांनी कधीतरी सूड उगवायचाच होता. निवृत्तीनंतर तो उगवला. मृदुलाबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "वय झालं, कमला. हातमोजे घालून भांडी घासत जा." हे काही औषध नव्हे. आणि नेमकं अशात इराचं ठरलं.

इरा लक्ष्मीकांतची एकुलती एक मुलगी, हवामानाच्या कुठल्याशा कंपनीत नोकरी करणारी, जोरात बोलणारी आणि त्याहून जोरात हसणारी. तिनं केयूर शाह नावाचा मुलगा स्वतःच पसंत केला आणि घरी येऊन सांगितलं. दोन्ही घरं भली, कुणी आडवं आलं नाही. पण इरानं केयूरच्या आईला आधीच सांगून ठेवलं होतं, की आमच्याकडे लग्नात आत्याच्या नखांची खीर असते. त्या बिचाऱ्या जैन बाई हबकल्याच. "नखनी खीर?" असं म्हणून त्यांनी चहाचा कप खाली ठेवला होता म्हणे. केयूरला त्यांची समजूत घालायला संध्याकाळ लागली.

"आत्या, आता माघार नाही हं," इरा म्हणाली होती. "रुखवतात आईला काय मांडायचं ते मांडू दे. मला तुझ्या नखुल्या हव्यात. त्या नसतील तर ते लोक म्हणतील, पोरीनं थापा मारल्या."

कमलाताईंना त्या दिवशी किती बरं वाटलं ते त्यांनाच माहीत. त्या हरणी भागातल्या फ्लॅटवर एकट्या राहत. लग्नं आता हॉलमध्ये होत, केटरर बासुंदी नाहीतर अंगूररबडी ठेवत आणि आत्याला पत्रिकेबरोबर 'लवकर या' एवढंच सांगत. कुणाला आपलं काही हवं आहे, ही गोष्ट बऱ्याच दिवसांत घडली नव्हती.

छाणीहून भावजय मोहना, म्हणजे इराची आई, बघायला आली तेव्हा तिच्या नजरेतून अंगठा सुटला नाही.

"ताई, एक बोलू? वाईट नका वाटून घेऊ. पुण्याहून तयार पॅकेटं येतात ने. गव्हले, नखुल्या, मालत्या, सगळं. साच्यातलं असतं, पण लग्नात कोण निरखून बघायला बसलंय?"

"मी बसलेय," कमलाताई म्हणाल्या.

मोहना वाईट बाई नव्हती. नणंदेच्या हाताला त्रास होऊ नये असंच तिला वाटत होतं, पण चांगल्या मनानं बोललेलं कधी कधी जास्त लागतं. त्या बोलण्यानंतरच कमलाताईंनी मंगळबाजार गाठला होता.

लेप लावला त्या सकाळी फ्लॅटभर ऑपरेशन थिएटरसारखा उग्र वास सुटला. मुलीनं सांगितल्याप्रमाणे तीन हात दिले. चिरेत पहिला हात मुरला, दुसऱ्यानं ती भरली, तिसऱ्यानं दिसेनाशी झाली. दुपारपर्यंत नख टणक झालं. कमलाताईंनी त्यावर टिचकी मारून पाहिली आणि हुरळून लगेच रवा भिजवला.

पहिली नखुली सुटली ती बघून त्या थक्कच झाल्या. इतके दिवस पीठ पापुद्र्यांत अडकायचं, फाटायचं. आता कण ठेवला, दाबला, सरकवला की टप्पकन शिंपली ताटात. गुळगुळीत, पातळ, कडा कोरलेल्या. दुसरी तशीच, दहावी तशीच. हाताला जुनी लय सापडली. बाल्कनीतून पतंगांचा आरडाओरडा येत होता, कुणीतरी गच्चीवर 'काप्यो छे!' म्हणून ओरडत होतं आणि कमलाताई पाटासमोर बसून कितीतरी वर्षांनी गुणगुणत होत्या. ताट भरत आलं तेव्हा त्या मोठ्यानं म्हणाल्या, "आईच्या पण अशा झाल्या नव्हत्या." आणि लगेच त्यांना चोरट्यासारखं झालं, कारण त्यात आपल्या नखाची करामत किती आणि बाटलीची किती हे त्या ओळखून होत्या.

ताट झाकून त्या हात धुवायला उठल्या. नळाखाली अंगठा धरला तर नखाच्या कोपऱ्यावर चकाकी नव्हती. लेपाचा एक टवका उडाला होता.

डाळीच्या सालाएवढा असेल नसेल. पारदर्शक. त्यांनी बेसिन पाहिलं, पदर झटकला, पाटाभोवती ओल्या फडक्यानं पुसून फडकं उजेडात धरलं. नाही. मग त्या ताटाकडे वळल्या. पांढुरक्या, झिरझिरीत शिंपल्यांच्या त्या ढिगात एक पारदर्शक टवका शोधायचा म्हणजे काय, हे कुणालाही कळेल. तरी त्यांनी चष्मा पुसला, ताट खिडकीत नेलं आणि चमच्याच्या टोकानं नखुल्या बाजूला सारत बसल्या.

ऊन कललं. टवका सापडला नाही.

मग त्या स्वतःशी भांडल्या आणि प्रामाणिकपणे भांडल्या. एवढीशी खपली. दूध उकळणार, त्यात ती कुठल्या कुठे जाईल. लोक रस्त्यावर काय काय खातात, त्यांना कुठं काय होतं? आणि कळणार कुणाला? नखुल्यांचं असं ताट पुन्हा होणार नाही, हे त्यांना लख्ख दिसत होतं. आईनं बघितलं असतं तर तिनं दृष्ट काढली असती. ते ताट इराच्या रुखवतात मांडलेलं आणि मोहनाचं बघत राहिलेलं तोंड, हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. त्यांना ते फार हवं होतं.

पण नर्सची सवय मोठी वाईट. पोट शिवण्याआधी गॉजचे तुकडे मोजायचे, एक जरी कमी भरला तरी दोरा पुढं करायचा नाही. एकदा असाच एक कमी पडला होता. डॉक्टर घाईला आलेल्या, बाहेर नातेवाईक ताटकळलेले, आणि कमलासिस्टर हातात दोरा घट्ट धरून उभी. शेवटी तो तुकडा तिच्याच चपलेच्या तळव्याला चिकटलेला निघाला. सगळे पोट धरून हसले, तीही हसली. पण दोरा तिनं तुकडा सापडल्यावरच दिला होता. आणि इथं तर तुकडा सापडलेलाच नव्हता. शिवाय एक टवका उडाला तो दिसला, घासाघाशीत न दिसणारं किती उतरलं असेल? इरा खाणार, केयूर खाणार, त्याची ती कप खाली ठेवणारी आई भीत भीत पहिला चमचा तोंडात घालणार.

कमलाताईंनी ताट कचऱ्याच्या पिशवीत उपडं केलं. सोसायटीच्या फाटकाशी रोज एक गाय उभी राहायची, तिलाही ते घालवेना. पिशवीचं तोंड बांधताना त्यांना रडू आलं, आणि घरात दुसरं कुणी नव्हतं म्हणून त्या मनसोक्त रडल्या.

दुसऱ्या दिवशी लेप उतरवला. उतरवायच्या औषधानं नख खडूसारखं पांढरं आणि कोरडं पडलं. संध्याकाळी कपाटाची कडी ओढताना ते चिरेपासून उभं फाटलं, पार मांसापर्यंत. बटकतं होतं, वळत नव्हतं. त्या पोरीनं तर सांगितलं होतं. कमलाताईंनी निमूटपणे जखम धुतली, पट्टी बांधली आणि उजव्या हातानं फोन लावला.

"मोहना, ते पुण्याचं पॅकेट मागव."

पलीकडून मोहना हळूच म्हणाली, "ताई, तुम्हाला वाईट तर नाही ने वाटणार?"

"वाटलंय. पण मागव."

"हाताला काय झालं का?"

"वय झालं," कमलाताई म्हणाल्या. ताटाबद्दल त्या बोलल्या नाहीत.

जखम सुकली तसं त्यांनी तेल लावायला घेतलं. बाजारातलं नव्हे. संक्रांतीला आणलेलं तिळाचं तेल होतं, तेच. पोटात गेलं तरी चालेल असंच काहीतरी आता त्यांना नखाला लावायचं होतं. उठता-बसता त्या अंगठा चोळत. भांडी घासताना हातमोजे घालत आणि मृदुलाबाईंचं ऐकल्याबद्दल स्वतःवरच चिडत. फाटलेली कड कापल्यावर उरलेलं नख आखूड होतं, मधोमध चीर होतीच, पण ठणका गेला होता. एका सकाळी त्यांनी अंगठा स्वच्छ धुऊन पुसून चमचाभर रवा भिजवला.

नखुली झाली. पीठ चिरेत शिरलं आणि शिंपलीच्या पाठीवर एक बारीक उंचवट्याची रेघ उमटली. कमलाताईंनी ती हातावर घेऊन पाहिली. आईनं अशी नखुली ताटातून परत घेतली असती आणि पिठात मळली असती. त्यांनीही ती मळली. पुढची केली, तिलाही रेघ. तिसरीलाही. मग त्यांनी मळणं सोडून दिलं. रोज अंघोळीनंतर, अंगठा दुखेपर्यंत, जेवढ्या होतील तेवढ्या त्या करत. ताटाच्या गोष्टी संपल्या होत्या. लग्न जवळ येईपर्यंत एक छोटा डबा भरला, एका वाटीला पुरेल एवढा.

लग्नाच्या आठवड्यात इरा तो न्यायला आली. स्कूटीवरून आलेली, कपाळावर घाम, तोंडाची टकळी चालू. "आत्या, तुझ्या हाताला काय झालं? आई म्हणाली तू पॅकेट मागवायला सांगितलंस. मी तिला म्हटलं, शक्यच नाही. मग खरंच पॅकेट आलं. मी रुसलेच होते तुझ्यावर."

"थोड्या केल्यात. वाटीभर," असं म्हणून कमलाताईंनी डबा पुढं केला आणि दुसरीकडे बघितलं. "चांगल्या नाही झाल्या. रुखवतात मागं ठेव. नाही ठेवल्यास तरी चालेल."

इरानं झाकण काढलं. चिमूटभर तळहातावर घेतल्या आणि दारातल्या उजेडात नेल्या.

"आत्या! प्रत्येकीवर रेघ आहे!"

"हो. ते..."

"पानाला शीर असते तशी! आईच्या पॅकेटमधल्या बघ, सगळ्या शर्टाच्या बटणांसारख्या. ह्या केवढ्या सुंदर आहेत! आणि मागं काय ठेव? ह्याच पुढं मांडणार. ही नवीन पद्धत आहे का गं? आधी नव्हती ना?"

कमलाताईंनी डावा अंगठा मुठीत घेतला. सांगावं असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं, बाटली, ताट, पिशवी, सगळं. पण पोरीचा चेहरा इतका खुलला होता, की त्यावर हे कशाला ओता? आणि खरं म्हणजे, त्यांना स्वतःलाही ती रेघ पहिल्यांदाच नीट दिसत होती.

"नवीनच आहे," त्या म्हणाल्या.

"मला शिकव."

"आता? तुझी खरेदी राहिलीये ना?"

"राहू दे. पीठ आहे का?"

सकाळचा लिंबाएवढा गोळा ओल्या फडक्याखाली होता. इरा हात धुऊन मांडी ठोकून पाटासमोर बसली. कमलाताईंनी तिचा डावा हात हातात घेतला, अंगठा वळवला, आणि त्या थबकल्या. रुंद, उथळ, कडांना किंचित वळलेलं नख. एवढ्या वर्षांत या पोरीच्या नखाकडे आपण एकदाही पाहिलं नाही, या विचारानं त्यांना हसू आलं आणि डोळेही भरून आले.

"ठेव कण. दाब. एवढं नको, पीठ आहे ते. हं, आता सरकव."

पहिल्या तीन-चार चेंगरल्या. मग एक सुटली, गुळगुळीत आणि पातळ, नखाचा सगळा बाक घेऊन. कमलाताईंनी श्वास सोडला. पण इरा नाराज. तिनं आणखी एक केली, आणखी एक, प्रत्येक उलटी करून पाहिली.

"माझ्या नखानं रेघ का नाही पडत, आत्या? तू कसं करतेस?"

"पडेल गं," कमलाताई म्हणाल्या. "घाई काय आहे?"

आणि तिची ती बिनरेघेची नखुली उचलून त्यांनी आपल्या डब्यात टाकली.